चार जागा आत

"ज्या ओळीत त्यांची चूक झाली, ती ओळ मला दाखवा," सुगंधावहिनी म्हणाल्या.

ऑक्टोबर महिना होता. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. प्रोग्राम लिहून देणाऱ्या, रत्नागिरीतल्या आमच्या त्या चार टेबलांच्या ऑफिसात मी एकटीच होते. ऑफिसचे मालक फाटकसर बँकेत गेले होते आणि दुसरा सहकारी रजेवर होता. वहिनी काळवलीहून पहिल्या एसटीने आल्या होत्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. खुर्ची पुढे केली, तर तिच्या अगदी कडेवर बसल्या, उठायच्या तयारीत असल्यासारख्या.

मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही, वहिनी. त्या म्हणाल्या की कळायला नाही आले, बघायला आले आहे. गावात सगळे म्हणतात दत्तारामच्या चुकीने चार माणसं गेली. चूक म्हणजे काहीतरी असेल ना? कुठेतरी लिहिलेली असेल. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं संसार केला, मग ती मला बघायला मिळायला हवी.

मी कॉम्प्युटर चालू केला. तो सुरू व्हायला जो वेळ लागला, तेवढ्यात मला खरं बोलता आलं असतं.

दत्ताराम चोगले आमच्या ऑफिसातला सर्वांत जुना माणूस. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. काळवली बंदरातल्या मासेमारी करणाऱ्या घरातला, पण लहानपणी एका कानाचं ऐकू येणं गेलं म्हणून वडिलांनी त्याला बोटीवर घेतलं नाही, शाळेत घातलं. मला काम त्यानेच शिकवलं. मी नवी होते तेव्हा तो माझ्यामागे खुर्ची ओढून बसायचा आणि चूक दिसली तरी सांगायचा नाही. म्हणायचा, "बघ, मेधा. ती तिथेच आहे, कुठे पळत नाही."

आमचं ऑफिस दुकानांची आणि पतपेढ्यांची कामं करायचं. त्या सगळ्यातून वेळ काढून दत्तारामने आपल्या गावच्या मच्छीमार सोसायटीसाठी एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. वादळाचा इशारा आला की सोसायटीच्या क्लार्कने तो कॉम्प्युटरवर टाकायचा आणि एक बटण दाबायचं. लगेच गावातल्या सगळ्या बोटींच्या मालकांना मोबाइलवर मेसेज जायचा. आधी इशारा आला की कोणीतरी सायकलवरून बंदरभर ओरडत फिरायचा. आता ते बंद झालं. दोन हंगाम तो प्रोग्राम इतका चोख चालला की माणसं आकाशाकडे बघायच्या आधी फोनकडे बघायला लागली. मेसेज आला नाही म्हणजे बोट काढायची, असा सरळ हिशेब होऊन बसला.

मार्चमध्ये दत्ताराम गेला. कावीळ अंगावर काढली आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मागे वहिनी, सात वर्षांची मुलगी रेवा आणि म्हातारे वडील.

जुलैत सोसायटीचा जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला. खाऱ्या हवेने आतून गंजला होता. सोसायटीने नवा घेतला आणि दत्तारामचा प्रोग्राम त्यावर हलवायचं काम माझ्याकडे आलं. मी काळवलीला गेले. जुन्या यंत्राची डिस्क फाइल उघडून दाखवत होती, पण कॉपी करायला गेलं की अडकत होती. म्हणून मी जुन्यावर सगळा मजकूर निवडला आणि दोन्ही यंत्रं जोडून नव्यावरच्या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या खिडकीत, एकदम चिकटवला.

चिकटवल्याबरोबर पडद्यावर मजकुराचा जिना झाला. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा आणखी थोडी उजवीकडे. शेवटच्या ओळी पडद्याबाहेर निघून गेल्या. असं का होतं, ते मला पुढे कळलं. एडिटरला वाटतं की माणूस स्वतः टाइप करतोय. म्हणून नवी ओळ आली की तो मदत म्हणून डावीकडे वरच्या ओळीइतकी रिकामी जागा आपणहून सोडतो. पण चिकटवलेल्या मजकुराने आपल्या जागा बरोबरच आणलेल्या असतात. ह्या जागा आणि त्या जागा एकावर एक चढत जातात. चिकटवायच्या आधी एक छोटीशी आज्ञा दिली की ही मदत बंद करता येते. ती मला तेव्हा माहीत नव्हती.

दोनशे ओळी होत्या. मी बसून एकेक ओळ हाताने डावीकडे आणली. बाहेर पाऊस होता, परतीची एसटी चारची होती. ओळी सरळ केल्यावर मी माझं नाव घालून चाचणी घेतली. माझा मोबाइल वाजला. रत्नागिरीला बाबांना फोन केला, त्यांच्याही मोबाइलवर मेसेज आला होता. मी चहा प्यायले आणि एसटी पकडली.

सप्टेंबरच्या शेवटी, एका मंगळवारी, दुपारी दीडच्या सुमाराला सोसायटीत वादळाचा इशारा आला. क्लार्कने तो टाकला, बटण दाबलं. पडद्यावर "पाठवले" अशी अक्षरं आली. बोटी साधारण तीन-चारला निघतात. मुख्य जेटीवरच्या सगळ्या थांबल्या. खाडीच्या पलीकडे खाजणवाडी म्हणून दहा-बारा घरांची वस्ती आहे. तिथून त्या दिवशी एकच बोट निघाली, हरेश्वर डोर्लेकरची. तो आपली बोट घरासमोरच बांधायचा. बरोबर तीन खलाशी होते. गणू, रमाकांत आणि इब्राहिम.

इब्राहिम आणि गणू दुसऱ्या दिवशी सापडले, रमाकांत चौथ्या दिवशी. हरेश्वर सापडलाच नाही.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी वासुदेव पावसे आमच्या ऑफिसात आला. काळवलीतला मोठा बोटवाला, सोसायटीच्या कमिटीवरचा. तो फाटकसरांच्या टेबलावर हात आपटत म्हणाला की हरेश्वरला मेसेजच गेला नव्हता. त्याचा फोन घरातच चार्जिंगला राहिला होता, कमिटीने तो बघितला, त्यात काही नाही. मग सगळ्यांचे फोन बघितले, तर एकसष्ट बोटींपैकी तेवीस जणांना आलेलाच नाही. जेटीवरचे बावीस जण एकमेकांचं बघून थांबले. "त्या दत्तारामने मेल्यावर आमची चार माणसं नेली," तो म्हणाला, आणि हे वाक्य पुढे त्याने गावात इतक्यांदा म्हटलं की ते वाक्य गावाचंच होऊन गेलं.

तो गेल्यावर सरांनी मला विचारलं, "तू त्यात काही बदललं होतंस?"

"नाही," मी म्हणाले. "जसाच्या तसा आणला."

नव्या यंत्रावरच्या फाइलची एक प्रत मी जुलैत बरोबर आणली होती, आणि पावसे बोलत असतानाच ती उघडून बघितली होती. चूक शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

सरांनी पुन्हा विचारलं नाही. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता, मूळ फाइलची दुसरी प्रत कुठे नव्हती आणि फाइलच्या पहिल्या ओळीत दत्तारामचं नाव होतं. गेले दोन हंगाम मग कसं चाललं, असा प्रश्न कोणी काढला असता तर सरांनी म्हटलं असतं की तेव्हा कोणी मोजलं नव्हतं. तो प्रश्न कोणी काढलाच नाही. सोसायटीला आमच्या लेटरहेडवर पत्र गेलं. ते मीच टाइप केलं. 'मूळ प्रोग्राममध्ये त्रुटी आढळली असून संबंधित कर्मचारी आता हयात नाहीत.'

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी वहिनी माझ्या टेबलाशी बसल्या होत्या.

मी फाइल उघडली आणि ती ओळ दाखवली.

"काय लिहिलंय यात?"

"मेसेज पाठव, असं."

"मग बरोबर तर आहे."

"शब्द बरोबर आहेत, वहिनी. जागा चुकली आहे. ही ओळ थोडी डावीकडे हवी होती."

आणि मग मी त्यांना समजावून सांगितलं, मला आजही कळत नाही मी ते एवढ्या शांतपणे कसं केलं. ह्या भाषेत ओळ किती आत आहे त्यावरून ती कोणाच्या हाताखालची हे ठरतं. वरच्या ओळीत म्हटलंय, मालकाने दुसरा नंबर दिला असेल तर तोही घे. त्याच्या खाली, बाहेरच्या कडेला, हवं होतं की आता मेसेज पाठव. म्हणजे सगळ्यांना गेला असता. पण ही ओळ चार जागा आत सरकलेली आहे, म्हणून ती त्या "दुसरा नंबर असेल तर"च्या पोटात गेली. ज्यांचे दोन नंबर, त्यांनाच मेसेज गेला. ज्यांचा एकच, त्यांना नाही. हरेश्वरचा एकच होता. यंत्राला यात काही चुकीचं दिसत नाही, ते तक्रार करत नाही. माझ्या चाचणीत माझा आणि बाबांचा असे दोन नंबर होते, हे मात्र मी सांगितलं नाही.

वहिनींनी पडद्यावर दोन बोटं टेकवली, ओळ आणि कड यांच्या मध्ये. "एवढीशी?"

"एवढीशी."

"त्यांना घरात चपला वाकड्या पडलेल्या चालायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. मग, "ही त्यांनी इथे ठेवली?"

ओळ त्यानेच लिहिली होती. मी स्वतःला हेच सांगितलं, की प्रश्न ओळीबद्दल आहे, जागेबद्दल नाही.

"हो," मी म्हणाले.

त्या उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, तुम्ही निदान दाखवलंत, बाकी कोणी बोलायलासुद्धा तयार नव्हतं. आणि मला नमस्कार करून गेल्या.

त्या डिसेंबरात मी ती नोकरी सोडली आणि पुण्याला आले. मोठ्या कंपनीत लागले, पुढे लग्न झालं, संसार झाला. कोणाला काही कळलं नाही, कळण्यासारखं काही नव्हतंच. फक्त मी मजकूर चिकटवायचं बंद केलं. ऑफिसात सगळे दिवसभर इकडचं उचलून तिकडे टाकतात, मी सगळं हाताने टाइप करायची. माझ्या हाताखालची मुलं हसायची, म्हणायची मॅडमना व्यायाम लागतो. ओळ आत घ्यायची म्हणजे स्पेसबार चार वेळा दाबायचा. पहिल्यांदा दाबला की हरेश्वर, मग गणू, मग रमाकांत, मग इब्राहिम. मी त्यांच्यातल्या कोणालाच कधी पाहिलं नव्हतं. पेपरात फक्त नावं आली होती. पण दिवसातून दोनशे-तीनशे वेळा ती चौघं माझ्या अंगठ्याखालून जायची, त्याच क्रमाने, आणि ओळ जागेवर बसली की निघून जायची. एकदा एडिटर बदलून बघितला. एक बटण दाबलं की चार जागा आपोआप सुटतील अशी सोय करून घेतली. मग एकाच दाबात चौघं एकदम यायला लागली. मी ती सोय काढून टाकली.

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. तो विचारायचा, काम करताना तुझे ओठ का हलतात?

नऊ वर्षांनी, एका रविवारी सकाळी, अनोळखी नंबरवरून फोन आला. सुगंधावहिनी होत्या. माझा नंबर त्यांनी फाटकसरांकडून घेतला होता. रेवा दहावी झाली होती, गणितात वर्गात पहिली होती. ती म्हणत होती पुढे कॉम्प्युटरच शिकायचा. घरात सासरे आणि दीर म्हणत होते की त्या यंत्राने बापाला बदनाम केलं, आता मुलीला नको. गावातही कोणी बरं बोलत नव्हतं. पोर हट्टाला पेटली होती, दोन दिवस जेवली नव्हती.

"मला दुसरं कोणी माहीत नाही विचारायला," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय. तुम्ही सांगा, मेधाताई. तिच्या हातूनही तसंच होईल का?"

मी म्हणाले, मी येते.

काळवलीला मी शुक्रवारी पोचले. वहिनी अंगणात सुकट निवडत बसल्या होत्या. मी चहा नको म्हटलं आणि त्यांच्यासमोर पायरीवर बसून सगळं सांगितलं. जुलैतला पाऊस, जिना झालेल्या ओळी, माझे दोन नंबर, चारची एसटी, पत्र. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या सुकट निवडतच राहिल्या. सूप रिकामं झालं तरी बोटं फिरत होती.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तुम्हाला नमस्कार केला होता."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मला सांगून तुम्ही सुटाल. ते नाही सुटायचे. रविवारी सोसायटीची सभा आहे. तिथे सांगा."

दोन दिवस मी त्यांच्याच घरी राहिले. त्यांनी मला वेळच्या वेळी जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं, पण माझ्याशी एक वाक्य बोलल्या नाहीत. रेवाला त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही. ती शनिवारी माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं की ती ओळ कुठली होती. मी कागदावर लिहून दाखवली, आधी बरोबर आणि मग चुकीची. तिने दोन्ही पाहिल्या आणि म्हणाली, "यंत्राने विचारायला हवं होतं." आज ती बंगळुरूला आहे आणि आपलं काम माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं करते.

सभा सोसायटीच्या बर्फखान्यामागच्या हॉलमध्ये होती. शंभरेक माणसं असतील. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून. विषय संपल्यावर चेअरमननी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले. मला वाटलं होतं ओरडतील, कोणी अंगावर येईल. मी त्याचीच तयारी करून आले होते. मी म्हणाले, दत्ताराम चोगले यांनी लिहिलेला प्रोग्राम बरोबर होता. तो हलवताना मी बिघडवला, आणि मला ते कळल्यावर मी त्यांच्या नावावर ढकललं. मग मेसेज कोणाला गेला आणि कोणाला नाही, ते सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. दत्तारामचे वडील पहिल्या रांगेत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. वासुदेव पावसे कमिटीच्या खुर्चीत बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, कारण सगळ्यांत आधी तोच बोलेल असं वाटलं होतं. तो खाली बघत होता.

मागच्या भिंतीशी एक म्हातारी उठली. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, भागीआई, हरेश्वरची आई.

"बाय, एक विचारू?" ती म्हणाली. "दुसरा नंबर असता तर मेसेज गेला असता?"

मी म्हणाले, हो.

"दुसरा नंबर कोणाचा लागतो?"

"कोणाचाही चालतो. घरातल्या माणसाचा."

तिने पदर तोंडाशी नेला, पण बोलली स्पष्ट. "तो माझ्यासाठी फोन घेऊन आला होता. आदल्या दिवाळीला. मीच म्हटलं, मला काय करायचाय, परत देऊन ये."

ती खाली बसली. मी उभीच होते. मला म्हणायचं होतं की तुमचा काही दोष नाही, सगळा माझा आहे. मी ते म्हटलंही, बहुतेक दोनदा. तिने मान हलवली, एखाद्या पाहुणीने काही सांगितल्यावर हलवावी तशी. नऊ वर्षं तिने दुसऱ्या कोणाला दोष दिला होता. तो मी काढून घेतला आणि त्या जागी तिचा स्वतःचा ठेवला. हे होईल असं मला एकदासुद्धा सुचलं नव्हतं.

सभा संपल्यावर चेअरमननी ठरावाच्या वहीत लिहून घेतलं की दत्ताराम चोगले यांच्यावरचा ठपका काढण्यात येत आहे. वहिनी हॉलच्या दारात उभ्या होत्या. मी जवळून जाताना म्हणाल्या, "पोचलात की फोन करा," आणि सासऱ्यांचा हात धरून निघून गेल्या.

एसटी साडेपाचची होती. थांब्यावर मी एकटीच होते. वासुदेव पावसे चालत आला आणि माझ्या शेजारी, थोडं अंतर सोडून उभा राहिला. नऊ वर्षांत तो खूप वाळला होता. त्याने आधी विचारलं की पुण्याला पोचायला किती वाजतील. मग समुद्राच्या दिशेला तोंड करून बोलायला लागला.

त्या मंगळवारी त्याचे दोन नंबर होते, त्याला मेसेज आला होता. तो जेटीच्या टोकाला आपली बोट दुहेरी दोरांनी बांधत होता. तेव्हा खाजणवाडीकडून हरेश्वरची बोट खाडीच्या तोंडाशी आली. जेटीपासून हाक ऐकू जाईल न जाईल एवढ्या अंतरावरून ती गेली.

"मला वाटलं, मला आलाय म्हणजे त्यालाही आलाय. मेसेज सगळ्यांना एकदमच येतो ना. मला वाटलं, बघा, सगळे थांबलेत आणि हा एकटा निघालाय, जाळं भरून आणायला. आमचं तेव्हा फार पटत नव्हतं." त्याने हात वर करून दाखवला. "मी हात केला. त्यानेही केला. मग मी परत दोर बांधायला लागलो."

"हाक नाही मारली?"

"आधी मारायचो. सायकल होती तेव्हा ओरडत कोण फिरायचं? मीच. मेसेज आल्यापासून सवय गेली."

खाडीवरून वारा येत होता. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले नाहीत, चेहरा पुसला, घाम आल्यासारखा. तो म्हणाला की तुम्ही बोलत होता तेव्हा मला वाटलं आता मीही उठावं. पाय उचललेच नाहीत. तुमच्याकडे दाखवायला ओळ तरी आहे. मी काय दाखवू?

मी विचारलं, हे कोणाला सांगितलंय?

"कोणाला नाही. म्हणून तर दत्तारामचं नाव सगळ्यात जास्त मी घेतलं."

लांबून एसटीचा आवाज यायला लागला. मी म्हणाले, भागीआई आत्ता घरी बसून काय विचार करत असतील, तुम्हाला माहीत आहे. त्यांना वाटतंय, त्यांनी फोन परत पाठवला म्हणून मुलगा गेला. मी कितीही सांगितलं तरी त्यांना ते पटणार नाही. मी बाहेरची आहे. तुम्ही सांगितलंत तर कदाचित पटेल.

तो म्हणाला, पटून काय होणार?

मी म्हणाले, मला माहीत नाही.

एसटी आली. कंडक्टरने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हाताने जा म्हटलं. दार लागलं आणि गाडी गेली. वासुदेवने तिच्या मागे पाहिलं, मग खाजणवाडीच्या रस्त्याकडे, आणि चालायला लागला. मी मागून गेले.

खाडीवरचा साकव ओलांडून आम्ही वस्तीत पोचलो तेव्हा उन्हं घरांच्या छपरांवर आली होती. भागीआईचं घर शेवटचं, पाण्याला लागून. दार उघडंच होतं. वासुदेवने चपला काढल्या, दाराच्या चौकटीवर एक हात टेकवून जरा वेळ उभा राहिला आणि आत गेला. मी अंगणात थांबले. समोर चिखलात बोटी बांधायचे दोन खुंट होते, रिकामे. आतून सुरुवातीला त्याचा आवाज आला, शब्द कळत नव्हते. मग तोही थांबला. शेजारच्या घरातली एक बाई बाहेर आली, माझ्याकडे बघून परत आत गेली.

तो बाहेर आला तेव्हा त्याला चपला सापडेनात. समोरच होत्या. मी त्या त्याच्या पायाशी सरकवल्या.

आम्ही साकवापर्यंत आलो. मग मी विचारलं, काय म्हणाल्या?

"काही नाही. एकच विचारलं." तो साकवाच्या कठड्याला धरून उभा राहिला. "म्हणाली, त्याने हात केला तेव्हा तो हसत होता का?"

"मग?"

"हो म्हणालो."

"हसत होता?"

वासुदेवने खाडीच्या तोंडाकडे पाहिलं, जिथून समुद्र सुरू होतो तिथे.

"एवढ्या लांबून दिसतं होय, बाई," तो म्हणाला.